पेज, डास आणि काढा : सिकंदराबादच्या तीन साथी

सिकंदराबाद म्हटले की आपल्या गोव्याच्या माणसाला आठवते ते मोठे जंक्शन, दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि लष्कराची छावणी. हैदराबाद पाहायला गेलेला माणूस चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय बघतो, बिर्याणी खातो आणि परत येतो. सिकंदराबाद म्हणजे त्याच्या लेखी फक्त गाडीत बसायचे स्टेशन. पण साथीच्या रोगांचा इतिहास ज्यांना वाचायचा आहे त्यांच्यासाठी हे शहर एक उघडे पुस्तक आहे. पटकीच्या भयातून उभे राहिलेले उज्जैनी महाकालीचे देऊळ, हिवताप डासातून पसरतो याचा पहिला पुरावा जिथे सापडला ती बेगमपेठची इमारत आणि २०२० साली तेलंगणातले कोविडचे मुख्य रुग्णालय ठरलेले गांधी हॉस्पिटल ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटरच्या आत आहेत. ती पाहत हिंडताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. साथ आली तेव्हा आपल्या वैद्याने आणि हकिमाने नेमके काय केले?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक म्हणते, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते. दुसरे म्हणते, तो सगळा पालापाचोळा होता. दोन्ही उत्तरे द्यायला सोपी आहेत, कारण दोन्हींसाठी काही वाचावे लागत नाही. इतिहास मात्र वेगळेच काही सांगतो.

आधी शहराविषयी थोडे. १७९८ च्या तहानंतर निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. तिची छावणी हुसेनसागर तलावाच्या उत्तरेला पडली आणि १८०६ साली तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून त्या वस्तीला सिकंदराबाद हे नाव मिळाले. तेव्हापासून तलावाच्या दोन बाजूंना दोन जगे झाली. दक्षिणेला निजामाचे हैदराबाद, तिथे युनानी हकिमांना दरबारचा आश्रय. उत्तरेला इंग्रजांची छावणी, तिथे पलटणीचे डॉक्टर. मधल्या बाजारात वैद्य, जडीबुटीवाले, मांत्रिक असे सगळेच होते. आपल्या मराठवाड्याची माणसेही १९४८ पर्यंत याच राज्याची रयत होती हे विसरून चालणार नाही.

पहिली साथ पटकीची. उज्जैनी महाकालीच्या देवळाची कथा अशी सांगतात. सुरिटी अप्पय्या नावाचा लष्करातला एक डोलीवाहक १८१३ साली आपल्या तुकडीबरोबर उज्जैनला गेला. तिथे पटकीने माणसे पटापट मरू लागली. त्याने महाकालीला नवस केला की साथ ओसरली तर तुझी मूर्ती माझ्या गावात बसवीन. साथ ओसरली आणि १८१५ साली परत आल्यावर त्याने सिकंदराबादला देवीची लाकडी मूर्ती बसवली. पुढे १८६४ मध्ये तिच्या जागी पाषाणाची मूर्ती आली. आषाढात तिथे बोनालू साजरे होते. बायका नव्या मडक्यात दूध आणि गूळ घालून भात शिजवतात, मडक्याला हळद-कुंकू लावून कडुनिंबाचे डहाळे बांधतात आणि ते डोक्यावर घेऊन देवीला जातात. आपल्याकडची मरीआई आणि जरीमरी हीच भाषा बोलतात. साथीचा रोग म्हणजे कोपलेली आई, तिला शांत करायचे.

हे काही औषध नव्हे, हे उघड आहे. पण तो नवस बोलणारा माणूस कोण होता ते पाहा. इतरांची डोली वाहणारा तो पलटणीतला हमाल होता. त्याच्यासाठी डॉक्टर किती आणि कुठे होता? आणि असता तरी त्याने काय केले असते? १८१७ साली बंगालमधल्या जेसोरहून पटकीची मोठी साथ सुरू झाली आणि पुढे ती अर्ध्या जगात गेली. त्या काळातले युरोपीय डॉक्टर पटकीच्या रोग्याचे रक्त काढत, त्याला पाऱ्याचे औषध आणि अफू देत. ज्याच्या अंगातले पाणी संपत चालले आहे त्याचेच रक्त काढायचे! त्यापेक्षा देवीच्या दारात बसलेला माणूस कदाचित जास्त सुरक्षित होता.

मग वैद्य काय करत होते? याचे उत्तर शोधायला आपल्याला सिकंदराबादहून घरी, म्हणजे गोव्यात यावे लागते. कारण पटकीवर देशी वैद्य काय उपचार करत याची एक जुनी आणि तपशीलवार नोंद गोव्यात छापलेल्या पुस्तकात आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते आणि तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा झडत. १५६३ साली गोव्यातच त्याचे भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे संवादरूपी पुस्तक छापून निघाले. त्यातला एक संवाद पटकीवर आहे. तो सांगतो की इथले लोक या रोगाला मोर्शी म्हणतात, आम्ही पोर्तुगीज त्याचे मोर्देशी करतो आणि अरब त्याला हैजा म्हणतात. म्हणजे आपली मोडशी आणि हैदराबादी माणसाच्या तोंडचा हैजा हे दोन्ही शब्द एकाच संवादात सापडतात! पुढे आपल्या मोडशीचे फ्रेंचांनी ‘मोर द शिएं’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे करून टाकले, ती गंमत वेगळीच.

त्या संवादात देशी वैद्यांचे उपचार दिले आहेत. ते रोग्याला कांजी, म्हणजे तांदळाचे पाणी, मिरी आणि जिरे घालून पाजतात. पायाला डाग देतात. पेटके येऊ नयेत म्हणून हातपाय पट्ट्यांनी घट्ट बांधतात. रोग्यात त्राण किती उरले आहे हे पाहायला डोळ्यांत पिंपळीची पूड टाकतात. वाचताना डोळ्यांत पाणी येते, आणि ते केवळ पिंपळीमुळे नव्हे. या यादीत छळही आहे आणि जीवदानही आहे, आणि वैद्याला त्यातला फरक ठाऊक नव्हता.

जीवदान ते तांदळाच्या पाण्यात. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बोनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांनाच ते रोग्यांना पाजायला सांगितले. छावणीत तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे साखरेच्या जागी तांदळाचे पीठ वापरून प्रयोग झाले आणि पटकीच्या रोग्याला त्याचा अधिक चांगला उपयोग होतो असे दिसून आले, कारण पिष्टाची साखर आतड्यात हळूहळू सुटते आणि आपल्याबरोबर मीठ-पाणी आत ओढून नेते. ओकाऱ्या-जुलाब झाले की माझी आजी उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजायची. तिला यातले शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण मीठ विसरलेले तिला चालत नसे.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. पेज बरोबर होती म्हणून पिंपळीची पूड बरोबर ठरत नाही. आणि पिंपळी क्रूर होती म्हणून पेज टाकून देता येत नाही. दोन्ही एकाच वैद्याने, एकाच रोग्याला, सारख्याच विश्वासाने दिलेल्या गोष्टी. त्या वेगळ्या करायला चाचणी लागली आणि ती व्हायला चारशे वर्षे गेली. त्या मधल्या काळात सत्तेने काय केले? गोव्याच्या नगरपालिकेने १६१८ साली हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली आणि परीक्षेची अट घातली. पण रोगी मात्र, पोर्तुगीज धरून, देशी वैद्यांकडे जातच राहिले.

साथीचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असेही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा एक अध्याय आहे. पांचाल देशात गंगेच्या काठी कांपिल्य नगरात पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर हिंडत आहेत आणि अग्निवेश विचारतो की माणसांची प्रकृती, आहार, वय, बळ सगळे वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने गावेच्या गावे कशी उद्ध्वस्त होतात? प्रश्न किती नेमका आहे पाहा! आत्रेयांचे उत्तर असे की माणसे वेगळी असली तरी वायू, पाणी, देश आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात आणि त्या बिघडल्या की साथ येते. त्या बिघडण्याच्या मुळाशी अधर्म असतो आणि त्यात राज्यकर्त्यांचा अधर्मही धरला आहे. औषधी वनस्पतींचा कस जाण्याआधी त्या गोळा करून ठेवा, असा सल्लाही आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर साथीपूर्वीची तयारी.

पाणी बिघडते इथपर्यंत चरक आला होता. पाण्यात काय असते ते मात्र त्याला दिसणे शक्य नव्हते. हिवतापाचेही तसेच. आपल्या वैद्यांनी विषमज्वराचे बारकाईने प्रकार केले होते, तिसऱ्या दिवशी येणारा तृतीयक, चौथ्या दिवशी येणारा चतुर्थक. सुश्रुताने डासांचेही पाच प्रकार सांगितले आहेत. पण ताप एकीकडे राहिला आणि डास दुसरीकडे राहिला. या दोघांची गाठ पडली ती सिकंदराबादला.

रोनाल्ड रॉस हा इंग्रज लष्करी डॉक्टर जन्माने अल्मोड्याचा. १८९५ पासून तो बेगमपेठच्या छावणीत डास फाडून पाहत होता. हिवतापाचा परजीवी लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरला १८८० सालीच अल्जीरियात माणसाच्या रक्तात सापडला होता. तो डासात कुठे जातो हे शोधायचे होते. रॉसने हुसेन खान नावाच्या एका रोग्याला मच्छरदाणीत झोपवले आणि चावलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा दिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला ती रंगकण असलेली गोल पेशी दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने साखळी पूर्ण केली आणि १९०२ साली त्याला नोबेल मिळाले. आज जगभर २० ऑगस्ट हा डास दिन म्हणून पाळतात. रॉसचे नाव त्या इमारतीला आहे. अंगावर डास चावून घेणारा हुसेन खान मात्र पुस्तकातल्या एका ओळीपुरता उरला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तलावापलीकडे हैदराबादला निजामाच्या वैद्यकशाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी होते. क्लोरोफॉर्मवरच्या प्रयोगांसाठी ते प्रसिद्ध होते. त्यांचा लाव्हरानच्या परजीवीवर विश्वासच नव्हता. म्हणजे नवे न मानण्याचा मक्ता काही वैद्य-हकिमांकडेच नव्हता. फरक इतकाच की रॉसची काचपट्टी कुणीही सूक्ष्मदर्शकाखाली घालून पाहू शकत होता, त्यामुळे लॉरींचे न मानणे फार दिवस टिकले नाही. आपल्या गोव्यातही बाणावलीचे डॉ. फ्रॉयलानो द मेलो यांनी पुढे जुन्या गोव्याच्या हिवतापावर काम केले ते याच वाटेने. ज्या तापांनी आणि साथींनी जुन्या गोव्याची राजधानी ओस पाडली, त्यांतल्या एकाचे कारण तिथल्या विहिरींत आणि डबक्यांत वाढत होते.

दरम्यान निजामाच्या बाजूला हकिमी थांबली नव्हती. प्लेगच्या साथीत, १८९६ साली मुंबईच्या मांडवीत तो प्रथम ओळखणारा डॉक्टर आपला हडफड्याचा आकासियु व्हिएगश होता, पण ओळखला तरी खात्रीचे औषध कुणाकडेच नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचेही तेच. त्याचा विषाणू सापडायलाच १९३३ साल उजाडले. अशा काळात लोक जे हाताशी असेल त्याकडे वळतात. १९२० साली हैदराबादला हकीम मोइझुद्दीन फारूकी यांनी ‘जिंदा तिलिस्मात’ बाजारात आणले. निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे आणि ओव्याचे सत्त्व यांचे हे तांबडे औषध आणि वेष्टणावर निजामाच्या हबशी शिपायाचे चित्र. सर्दी, खोकला, डोकेदुखीला आजही तिकडच्या घराघरात ती बाटली असते. १९३८ साली निजामिया तिब्बी कॉलेज निघाले. चारमिनारजवळचा त्याचा दवाखाना आजही गरिबांचा आधार आहे. नाक मोकळे झाले, छाती हलकी वाटली, हकीमसाहेबांनी नाडी धरून दोन शब्द बोलले, हा दिलासा खोटा नव्हता. पण दिलासा म्हणजे रोग बरा होणे नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

तिसरी साथ आपण सगळ्यांनी पाहिली. मार्च २०२० मध्ये तेलंगणातला पहिला रुग्ण गांधी हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्या वर्षी बोनालूही घरच्या घरी करावे लागले. पटकीच्या नवसातून सुरू झालेल्या जत्रेवर दुसऱ्या साथीने बंदी आणली! औषध कुठेच नव्हते आणि अशा वेळी दोन्ही शास्त्रांनी एकच गोष्ट केली. दोघांनीही हिवतापाची कपाटे उघडली. आधुनिक वैद्यकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काढले. आयुर्वेदाच्या केंद्रीय संशोधन परिषदेने ‘आयुष ६४’ काढले. सातवीण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांची ही गोळी १९८० साली हिवतापासाठीच तयार झाली होती. रॉसच्या गावाच्या रोगावरची दोन औषधे, नव्या रोगावर.

पुढे काय झाले? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची हजारो रुग्णांवर इंग्लंडमध्ये चाचणी झाली आणि जून २०२० मध्येच निकाल आला की उपयोग नाही. ते मागे पडले. आयुष ६४ च्या चाचण्या लखनौ, वर्धा, मुंबई अशा ठिकाणी झाल्या. त्या लहान होत्या आणि रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे, म्हणजे बहुतेक एरवीही बरे होणारे होते. लवकर आराम पडला असे त्यांत दिसले, पण प्राण वाचवण्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. हिवतापावर तर याच गोळीची क्लोरोक्विनशी तुलना आधीच झाली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्लोरोक्विनने सगळे रुग्ण बरे झाले, आयुष ६४ ने निम्मे. हे आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी तपासले आणि छापले. मला त्याचा अभिमान वाटतो, कारण शास्त्र असेच पुढे जाते. आणि फाजील उत्साह फक्त काढ्यापुरता होता असेही समजू नका. मे २०२१ मध्ये आपल्या गोव्यात सगळ्या प्रौढांना आयव्हरमेक्टिन वाटण्याची घोषणा झाली होती. ते काही वैद्याच्या बटव्यातले औषध नव्हते.

हा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. दुसऱ्या लाटेत आमच्या नात्यातले एक गृहस्थ सिकंदराबादला तापाने पडले. रेल्वेतून निवृत्त झालेले, आयुर्वेदावर अढळ श्रद्धा असलेले. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनीचा काढा चालू होता. चौथ्या दिवशी त्यांनी फोंड्याकडच्या आमच्या ओळखीच्या वैद्यबुवांना फोन लावला आणि काढ्याचे प्रमाण वाढवू का असे विचारले. वैद्यबुवांनी काढ्याविषयी एक शब्द काढला नाही. “भाऊ, एका दमात किती आकडे मोजता येतात ते मोजून दाखवा,” म्हणाले. भाऊ नऊच्या पुढे जाईनात. “आता माझे ऐका. हे माझ्या हातचे नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा, काढा आल्यावर घ्या.” भाऊ गेले. बोटाला लावलेल्या यंत्रात ८४ आकडा आला. अकरा दिवस प्राणवायूवर राहून ते घरी परतले. त्यांच्याच इमारतीतले दुसरे एक गृहस्थ काढ्यावर आणि वाफेवर दोन दिवस जास्त थांबले. ते परतले नाहीत.

वैद्यबुवांनी त्या दिवशी आयुर्वेद सोडला असे कुणी म्हणेल. माझ्या मते त्यांनी तो पाळला. चरकाने रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भाग केले आहेत आणि जो वैद्य हा भेद न ओळखता असाध्याला हात घालतो त्याचे धन, विद्या आणि यश जाते असे बजावले आहे. आपल्या मर्यादा ओळखणे हा त्या शास्त्राचाच भाग आहे. जाहिराती करणारे तो वगळतात, हा दोष शास्त्राचा नाही.

चीनमधल्या तू यूयू यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथातला एक संकेत धरून दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीतून हिवतापाचे औषध वेगळे केले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी जुना ग्रंथ पूजला नाही आणि जाळलाही नाही. त्यांनी तो तपासला. क्विनीनसुद्धा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची सालच की! आपल्या सातविणीला, किराइताला हाच न्याय मिळायला हवा. त्यात निम्मे निकाल मनाविरुद्ध येतील, येऊ देत.

पुन्हा साथ येईल यात शंका नाही. तेव्हा वैद्याने काय करावे? इतिहासात त्याने जे उत्तम केले तेच करावे. रोग्याजवळ बसावे, त्याच्या भाषेत त्याला धीर द्यावा, पेज-पाणी कसे द्यायचे ते घरच्यांना शिकवावे, हात धुवायला आणि पाणी उकळायला सांगावे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला त्यासाठी वेळ नसतो आणि गावातल्या माणसाचा वैद्यावर जो विश्वास आहे तो सरकारी पत्रकावर नाही. त्या विश्वासाच्या जोरावर गोळ्या विकता येतात, आणि त्याच जोरावर माणसाला वेळेत इस्पितळातही धाडता येते. दुसरे करणारे वैद्य आपल्या गावागावांत अजून आहेत. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, पण त्यांच्यामुळे वाचलेली माणसे आपल्यात हिंडत आहेत.